गंतव्य देश

अंबडला आमच्या लॅबमध्ये
जानेवारीपासून नुसती द्राक्षं.
मोहाडीची, पिंपळगावची, खेडगावची,
देठाला अजून पहाटेचा गारवा असलेली.
मी ती सुक्या बर्फात घालून दळते.
रस नाही, चटणी नाही,
राखाडी-हिरवी पूड होते नुसती,
आणि यंत्र त्या पुडीत शोधत बसतं
सहाशेच्या वर नावं.
यंत्राला गोडी कळत नाही.
सपाट रेषेतून एखादा सुळका उठला,
बोडक्या माळावर रामशेज उठावा तसा,
की मी मान खाली घालून लिहिते : नापास.

सुदाम क्षीरसागर आले होते परवा.
पायांत स्वच्छ बूट, हातात फवारणीची वही,
तारीखवार, मोत्यासारखं अक्षर.
"ताई, नापास म्हणजे विषारी का?"
म्हटलं, नाही हो. तिकडे चालणार नाही, एवढंच.
"आणि इकडे?"
इकडे चालतं.
त्यांनी वही मिटली.
"म्हणजे त्यांची पोटं नाजूक," म्हणाले,
आणि हसले नाहीत.

संध्याकाळी शालिमारला मुनाफभाईंच्या गाडीवर
जाळीदार टोपडी घातलेली सफरचंदं,
बारशाला बसवल्यासारखी ओळीनं.
चिलीची, तुर्कस्तानची, एका पेटीवरचं नाव पुसट.
शेजारच्या टपरीत टीव्ही सांगत होता,
करार झाला, शुल्क उतरणार.
सह्या करणाऱ्यांच्या हातात फुलांचे गुच्छ.
"यांची तपासणी होते का हो?"
"बंदरावर होते की. कागद असतो."
"तुम्ही पाहिलाय?"
"मॅडम, मी पेटी पाहतो. बंदर कागद पाहतं.
आतलं फळ, ते वरचा पाहतो."
आणि किलोवर एक जास्तीचं टाकलं, इरासाठी.

शनिवारी रात्री सगळ्या बॅचा संपल्यावर
यंत्रात एक जागा रिकामी होती.
चोरीच ती. तरी मी एक सफरचंद चिरलं.
मेणाचा पातळ पापुद्रा नखात अडकला,
वाढदिवसाच्या मेणबत्तीचा अडकतो तसा.
संगणक विचारतो : पाठवणारा कोण?
विचारतो : गंतव्य देश?
रकाना कोरा ठेवला तर पुढे सरकत नाही.
मी टाइप केलं : इरा.
त्यानं तक्ते चाळले. जर्मनीचा होता, जपानचा होता,
आपलाही होता, खाली कुठंतरी.
इराचा नव्हता.

साडेअकराला दोन सुळके उठले.
रामशेज नव्हे. मुरमाचे ढीग म्हणा,
गंगापूर रोडला बांधकामापुढे पडलेले असतात तेवढे.
एका तक्त्यात पास, दुसऱ्यात नापास,
तिसऱ्यात त्या औषधाचं नावच नाही.
शितावरून भाताची परीक्षा, आई म्हणायची.
पण हे शीत कुठल्या हंडीतलं?
चूल कुणाची, पाणी कुठल्या नदीचं,
आणि कंटेनरभर भातात अशी शितं किती?
एका सफरचंदाच्या जोरावर
मी देशाचं नाव घेऊ शकत नाही,
मुनाफभाईंचं तर नाहीच.
प्रिंट काढली. सहीची जागा कोरी.

सकाळी इरानं स्टिकर सोलून
फ्रिजच्या दारावर लावला, अकरावा.
ह्या देशात समुद्र आहे का गं?
असणार, म्हटलं. बोटीनं आलं ते. कित्येक आठवडे.
"कंटाळलं असेल."
मी साल काढली, जाड, हात न राखता.
फोडी डब्यात भरल्या.
साली रोज खिडकीत ठेवते, बुलबुल येतात.
आज त्या वर्तमानपत्रात बांधल्या,
खाली कचराकुंडीशी नेल्या, आणि परत आणल्या.
अजून ओट्यावरच आहेत.