उलाळ

रबाळे एमआयडीसीत, ट्रान्सफॉर्मरच्या मागे माझं शेड.
गेट, जाळ्या, टँकरचे जोड, कधी मंडपाची कमान.
कारखानीसबाई पिकअप घेऊन आल्या तेव्हा वाटलं,
वर कॅरियर हवं असेल.
"हुक हवाय," म्हणाल्या. "घर ओढायचंय."

घर म्हणजे पांढरा डबा, दोन चाकांचा,
आत गादी, हातभर ओटा, खिडकीला निळा पडदा,
कुणा हौशी माणसानं बनवून घेतलेला
आणि विकलेला, एकही रात्र आत न झोपता.
बाई ठाण्याच्या कोषागारातून निवृत्त. वय बासष्ट.
"मढवी," म्हणाल्या, "मला सगळं आकड्यात सांगा."

तुर्भ्याच्या काट्यावर भरलेला डबा: अकराशे चाळीस.
मग दांडा वाण्याच्या काट्यावर टेकवला:
फक्त बेचाळीस.
मी म्हटलं, निदान सव्वाशे हवं.
आत जाऊन पाहिलं. मागच्या कपाटात
पाण्याचे कॅन, लोणच्याच्या बरण्या,
आणि तळाशी पाटा-वरवंटा.
"पाटा कशाला?"
"चटणीला," म्हणाल्या,
जशी काही मी खाती चुकवली होती.

माझे बाबा मिठागरावरून गाडीनं मीठ आणायचे.
गोणी मागे सरकल्या की गाडी उलाळ व्हायची,
जू वर उठायचं, जुपण्या गळ्याला काचायच्या.
बैल ओरडत नाही.
मान वर करून चालत राहतो.
बाबा उतरायचे, चिखलात, आणि एकेक गोणी पुढे.
इंजिनाला गळा नसतो, म्हणून कळायला उशीर होतो,
एवढाच फरक.

पाटा आम्ही दोघांनी उचलून पुढे आणला.
काटा एकशे अडतीस.
बाईंनी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मग साखळ्या. दांड्याखालून फुली घालून,
म्हणजे हुक सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता
झोळीत पडेल.
मग रविवारी, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात,
रिव्हर्स.
हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा,
डबा जिकडे न्यायचा तिकडे हात न्या,
आणि थोडं, अहो, थोडं!
चार रिकामे पिंप उभे केले होते.
तीन चेपले.
चौथ्याला वळसा घालून त्या थांबल्या,
खाली उतरल्या, आणि पिंपाला हात लावून आल्या.

घोडबंदरला मी शेजारी बसलो.
गायमुखचा घाट चढला तोवर ठीक.
उतारावर एक टँकर सणसणत बाजूनं गेला
आणि मागचा डबा डोलू लागला.
आरशात एकदा भिंत, एकदा आभाळ.
माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता,
तरी मी चटई दाबून धरली.
बोलायला तोंड उघडलं, आवाज आला नाही.
बाईंनी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावला नाही.
ॲक्सिलरेटर सोडला. चाक सरळ.
एक झोका. दुसरा, लहान.
तिसरा आला की नाही, सांगता येत नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"एकतीस मार्चला असंच करायचो.
सगळी बिलं एकदम अंगावर आली
की आधी पाय उचलायचा."

फाउंटनला मी उतरलो. साखळ्या पाहिल्या,
टायरांना हात लावला; गरम, पण जास्त नाही.
"कुठवर जाणार?"
"वळवायला जागा मिळेल तिथवर."

बसची वाट बघत उभा होतो.
त्या उजवीकडे वळल्या, वसईच्या अंगाला,
लांबून, रुंद घेऊन, शिकवलं तसं.
आणि डब्याचा डावा दिवा
लुकलुकत होता.

वायर मीच जोडली होती.
फोन लावला. वाजत राहिला.
गाडी चालवताना त्या उचलत नाहीत.
तेही मीच सांगितलेलं.