तांबड्या शाईचा कारकून

परभणीत, आस्थापना दोनच्या टेबलावर
सेवाज्येष्ठतेची यादी टाइप करताना
दर साली मला कोटंबे सर आठवतात.
रात्रीच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे.
समोर आम्ही नऊ जण, त्यातले चार पेंगलेले,
आणि सर चीनमध्ये.

म्हणायचे, हजार वर्षांपूर्वी तिथं
परीक्षार्थ्याच्या नावावर कागद चिकटवायचे.
तेवढ्यानं भागेना म्हणून
शेकडो कारकून बसवायचे एका आवारात,
दारं बंद,
आणि एकूण एक उत्तरपत्रिका उतरवून काढायचे
तांबड्या शाईनं.
का? तर अक्षर ओळखू येऊ नये.
परीक्षकानं फक्त तांबडं वाचायचं.
काळ्या शाईतला माणूस गाठोड्यात बांधून ठेवलेला.

"मग वशिला बंद झाला का, सर?"
हे मुंजाजीनं विचारलं. मुंजाजी लोंढे,
पूर्णेहून पॅसेंजरनं येणारा,
भाकर वर्गातच सोडणारा.
सरांनी खडू खिशात टाकला.
"पास झालेला पोरगा निकालानंतर
परीक्षकाच्या दारात उभा.
हातात भेट, कपाळ जमिनीला.
ज्यानं एक अक्षर शिकवलं नाही
त्याला म्हणायचा, गुरुजी.
आणि एका साली पास झालेले सगळे
मरेपर्यंत एकमेकांचे भाऊ.
नावावर कागद चिकटवता येतो रे,
नात्यावर चिकटवायला डिंक कुठून आणायचा?"

मला पालमला टाकणार होते.
मामाच्या साडूनं चिठ्ठी दिली,
चौघडी घातलेली, कोपऱ्याला पानाचा डाग.
आत काय होतं मला आजही माहीत नाही.
साहेबांनीही वाचलं नाही, खालची सही पाहिली
आणि शेख मुख्तारला म्हणाले, याला खुर्ची दे.
पालमची जागा मुंजाजीला गेली.
साहेब बदलत राहिले, तीन तीन वर्षांनी, परजिल्ह्यातले.
तिकडंही हेच, सर म्हणायचे.
अधिकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या प्रांतात नेमत नसत,
म्हणून प्रांत कारकुनांचा.
ह्या खुर्चीला आता तेवीस वर्षं होतील.

मी त्या आवाराचा विचार करतो.
मध्यरात्र. दिव्याची काजळी.
एका कारकुनापुढं एक कागद येतो
आणि त्याला अक्षर ओळखू येतं.
नाव झाकलेलं. पण ती उभी रेघ
किंचित डावीकडं कलणारी,
लहानपणी दोघांनी एकाच दगडावर
पाण्यानं गिरवलेली, वाळायच्या आत.
उत्तरात एक चूक आहे.
एक फराटा कमी.
जसंच्या तसं उतरव, हा नियम.
कुंचला वर, थेंब खाली येऊ लागलेला.
पुढचं सरांनी सांगितलं नाही.
पुस्तकात नसणार.

आज अनुक्रमांक एकतीस,
लोंढे मुंजाजी किशनराव.
सेवापुस्तकात रुजू दिनांक चौदा,
यादीत चोवीस.
त्या दहा दिवसांत नऊ माणसं त्याच्या पुढं गेलीत.
पंचविसावा मी.
बढतीच्या जागा सव्वीस.

दुरुस्त केलं तर लोक म्हणतील, वर्गमित्र ना.
नाही केलं तर कुणी काहीच म्हणणार नाही.
यादी दर साली फलकावर लागते,
हरकत असल्यास सात दिवसांत.
तो पालमहून येतो, उभ्यानंच वाचतो,
मला नुसतं "बरंय ना?" विचारतो
आणि पाचची गाडी धरतो.
चूक पहिल्यांदा दिसली तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती.
आता ती बारावीला आहे.

"काय हुडकायलात साहेब?" शेख मुख्तार.
म्हटलं, तांबडा पेन.
त्यानं कपाटाच्या तळातून एक काढला, वाळलेला.
मी तो सेवापुस्तकाच्या पुठ्ठ्यावर घासत बसलो.
आधी नुसता ओरखडा.
परत ओरखडा.
मग उमटलं.