आवाजाच्या आधी

स्वरलिपीला बुरशी आली.
तिसऱ्या अंकाची पानं सुटी करून
खळ्यात पसरलीत,
वाऱ्याने उचलू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक सुपारी.
शेजारचा पुरसो गडग्यावरून विचारतो,
कसली पूजा मांडलीस?
ऑपेरा, मी म्हणतो.
बरं, तो म्हणतो, तीर्थाला हाक मार.

अठ्ठावीस दिवस उरलेत.
दुसरा ओबो अजून कुठेच नाही.
पहिल्या व्हायोलिनांचा म्होरक्या म्हापशात दात काढतो,
गुरुवारी तो मिळत नाही.
बसून वाजवणारा पुण्याहून बहुधा उभ्यानेच येईल,
तिकीट वेटिंगवर आहे.
कुडतरीहून येणाऱ्या आल्टो एकाच घरातल्या चार जावा,
त्यांतल्या दोघींचं बोलणं बंद,
आणि दुसऱ्या अंकात
त्यांना एकमेकींच्या गळ्यात पडून रडायचंय.

हे सगळं जमेल.
दोनशे अकरावं माप जमत नाही.

तिथे सहाजण सहा गोष्टी एकदम गातात,
पाच मात्रा, मग सात, मग पुन्हा पाच,
आणि विंगेमागून कोरस,
जो मला दिसत नाही, ज्याला मी दिसत नाही,
ज्याचा आवाज माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा
शिळा झालेला असतो.
फोंड्याच्या बसमध्ये मोजत होतो,
शेजारणीच्या पाटीला हात लागला,
बांगडे हलले.
माफ करा म्हणालो तेही सातव्या मात्रेवर.

बाबा बोरीला जत्रेच्या नाटकात तबल्यावर असायचे.
पहाटे तीनला, पेट्रोमॅक्स फुरफुरताना,
राजा घशातल्या कफासकट ताना घ्यायचा
आणि बाबा त्याच्या तोंडाकडे बघत थांबलेले.
त्यांचा कायदा एकच,
गाणाऱ्याच्या पुढे जायचं नाही.
त्याची सम हुकली
तर सम उचलून त्याच्यापाशी न्यायची,
लोकांना कळता कामा नये.

नदीपलीकडे, रायच्या इगर्जीमागे,
मेस्त्री बोनिफासचा कायदा उलटा.
केरसुणीतला एक हीर उपसून
त्याने माझ्या बोटांत दिला,
हात आवाजाच्या आधी पोचला पाहिजे, पुता.
ऐकत बसलास की उशीर झालाच.
मी ऐकत बसायचो.
हिराचे वळ अजून आठवतात,
पोटरीवर, तीन-चार वेळच्या तालात.

एर्मेलिंदा बांबोळीच्या इस्पितळात रात्रपाळी करते.
सकाळी सातला, तोंड न धुता,
थेट तालमीला येते,
गणवेशाला औषधाचा वास.
दोनशे अकराच्या शेवटी सगळे गप्प होतात
आणि वरच्या सुरावर ती एकटी उरते.
चार मोज आणि सोड, मी सांगितलं,
कोरस त्यावर अवलंबून आहे.
तिने चार मोजले. सोडला.
दुसऱ्यांदा चार मोजले. सोडला.
मग पाण्याची बाटली उघडत म्हणाली,
सर, श्वास चारवर संपत नाही.
मी रोज बघते.

कुणी काही बोललं नाही.
दंतवैद्याने उगीच तार पिळली.

आता रात्र आहे. पानं गोळा केली,
त्यांना ऊन आणि सुपारीचा वास लागलाय,
एक सुपारी कमी भरली, उंदराने नेली असेल.
दोनशे अकरावं माप दिव्याखाली धरलं.
माझाच लाल चार, तिनदा गिरवलेला,
आणि त्या चारच्या खाली दबलेली
बारीक तिरकी अक्षरं, इटालियन,
वीस वर्षं माझ्याकडे असलेल्या प्रतीत
छापलेली होतीच:
आवाजाबरोबर.

खोडरबर घेतलं.
लाल लवकर जात नाही.
कागद थोडा खरवडला,
पलीकडच्या पानाचा एक चेलो इकडे दिसू लागला.
कोरसचं काय करायचं
ते उद्या बघू, विंगेत कुणीतरी उभं करू,
तिच्या तोंडाकडे बघणारं.

चुरा फुंकला.
दुसऱ्या ओबोचा अजून पत्ता नाही.