नमुना क्रमांक सात

फोंड्याला, सोसायटीच्या बँकेवरच्या हॉलमध्ये
एसी वीसवर ठेवलाय, माणसांसाठी नव्हे.
स्टीलच्या ताटल्यांत बोटाच्या पेराएवढे तुकडे,
प्रत्येकाखाली चिठ्ठी, एक ते अकरा.
नाव नाही, वेष्टन नाही.
बिनसाखरेचं आहे, एवढंच सांगितलेलं.

मला का बोलावलं, तर
मी सव्वीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये
उसाचा रस नळीत भरून
एका डोळ्यानं पाहत आलो
साखर प्रकाशाला किती वळवते ते.
उजवीकडे वळवते. नेहमी उजवीकडे.
कारखाना बंद पडला,
डोळा तसाच राहिला, किंचित बारीक.

शेजारी इस्मेनिया फुर्तादो, मडगावच्या,
चाळीस वर्षं केक भाजलेल्या.
तुकडा कानाशी नेऊन मोडतात,
सुक्या काटकीचा आवाज आला तर मान हलवतात,
मग जिभेवर ठेवून डोळे मिटतात
मिसेला बसल्यासारख्या.

पहिला थंड. पुदिना नसताना थंड,
दातांमागे कुणी खिडकी उघडली.
एरिथ्रिटॉल, मी समासात लिहितो.
दुसरा काजूबोंडाचा, वास आधी खोलीभर,
चव मागून, लंगडत.
तिसरा गोड, लगेच गोड, फार गोड,
आणि गिळून झाल्यावरही बसून राहिलेला,
जेवण उरकलं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा
ज्येष्ठमधाची काडी चघळत.
"फटींग," इस्मेनियाबाई म्हणाल्या
आणि दोन गुण दिले.

मध्ये उंड्याचा कोरडा तुकडा, कोमट पाणी.
फणस. खडेमीठ. पुन्हा पाणी.

सहाव्यावर आमचं भांडण झालं. भिरंडाचा होता.
मी म्हटलं, आंबटाच्या आडोशाला
गोडाचं खोटेपण लपवलंय, हुशारी आहे.
"लिपयलां न्हय? मागीर तें फटच,"
असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

सातवा.
आधी काही नाही.
मग कडू. कडूच, कुणाची माफी न मागता.
मग जिभेच्या टोकाला मुंग्या,
पाट्यावर नुकतं ठेचलेलं तिरफळ.
गोडी होती,
पण दारात चप्पल काढून आलेली.
इस्मेनियाबाईंनी डोळे उघडले नाहीत बराच वेळ.

रकाने असे: चकाकी, मोड, वितळणं, गोडी,
मागे उरणारी चव.
गोडीला मी दहापैकी चार लिहिले. खरं तेच.
आणि ताटलीतला उरलेला तुकडा
चांदीच्या कागदात गुंडाळून खिशात टाकला.
नमुना घरी नेला म्हणून एका पोराला
मी कधीकाळी मेमो दिला होता.
त्याचं नाव आठवेना.

उसगावची बस, ड्रायव्हरमागची सीट,
ऊन डावीकडून.
छातीशी काहीतरी हळूहळू मऊ होत गेलं,
मी हात लावला नाही.

अकरा वर्षं प्रेमावतीच्या बशीत
चतुर्थीची नेवरी आलेली नाही.
आयुष्यभर साखर मोजली मी, चढली ती तिला.
तिनं कागद टेबलावर नखानं सपाट केला,
वितळलेलं बोटावर घेतलं,
मग पुन्हा बोटावर.
विचारलं, गोड आहे?

"तिरफळ बांगड्यात घालायचं," ती म्हणाली,
"ह्यांना कुणी सांगितलं नाही का?"
आणि माझ्या शर्टाचा खिसा उलटा करून
आत आणखी आहे का ते पाहिलं.

सकाळी तिनं बोट टोचलं.
एकशे एकोणचाळीस.
वहीत तारीख घातली, आकडा लिहिला,
आणि गोळ्यांच्या रकान्यात, पेन्सिलीनं,
तिरफळ, अर्धं बोट.