पत्त्यावरची बाई

एकतीस वर्षं पोस्टात सॉर्टिंगला काढली.
पोस्टकार्ड उघडंच असतं,
तरी वाचायचं नाही.
डोळा पिनकोडवर ठेवायचा,
आणि घसरलाच कधी चार बोटं बाजूला,
'बाळ राहिलं नाही' किंवा 'मुलगी पसंत नाही'वर,
तर कार्ड खणात, त्याच्यामागून ते शब्दही खणात.
घरी न्यायचे नाहीत.
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.
फणसळकरबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं,
डब्यातली भेंडी वाढता वाढता.

आता चरईत, तिसरा मजला, लिफ्ट नाही,
डाव्या गुडघ्याची वाटी झिजलेली.
जांभळी नाका तसा हाकेवर,
पण भरली पिशवी घेऊन परत चढायचं म्हणजे
दर पायरीला एकेक मेलेला नातेवाईक आठवतो.
म्हणून पुतणीने फोनात दुकानं घालून दिली.
तांदूळ येतो. गुडघ्याचा पट्टा येतो.
आणि ती एक वस्तू,
जी मेडिकलवाल्या जिग्नेशकडे मागायची तर
दुकान रिकामं होईपर्यंत
उगाच खोकल्याच्या गोळ्या घेत उभं राहायचं,
तीसुद्धा येते, खाकी खोक्यात, मुकाट.
जिग्नेशला कळत नाही.
कोणाला कळतं, ते मला कळत नाही.

मग मी एक केलं. जुनी खोड.
प्रत्येक दुकानाला वेगळं नाव दिलं.
किराण्याला मी इंदुमती करंदे.
चपलांना मिसेस डिमेलो.
औषधांना कुमारी शालन वझरकर,
कुमारी, सदुसष्टाव्या वर्षी!
पत्ता एकच. बेल एकच.

आठ-दहा दिवस शांततेत गेले.
मग दुपारी, डोळा लागता लागता:
"वझरकर मॅडम बोलताय? शुगरवाल्यांसाठी खास विमा…"
म्हटलं, सापडलास.
तारीख, वेळ, लाल शाईने डायरीत.
आणि पुढे?
ही डायरी ठेवायची कुणाच्या टेबलावर?
रात्री गोळ्या संपल्या.
शालनच्याच नावाने पुन्हा मागवल्या.
तिला पंधरा टक्के सूट होती.
मला जिग्नेशने कधी सुटे पैसेही सोडले नाहीत.

हल्ली शालनचं माझ्यापेक्षा बरं चाललंय.
मी ठोकून दिलेल्या तारखेला तिला शुभेच्छा येतात,
बिनतारण कर्ज, घोडबंदरला वन बीएचके,
परवा तर वधुवर सूचक मंडळ.
मुलगा घटस्फोटित, स्वतःचा गाळा.
मी जरा वेळ विचार केला, तिच्या वतीने.

मंगळवारी खोकं घेऊन आलेला मुलगा
दारातच रेंगाळला. धाप लागलेली.
"काकू, या घरात तीन बायका राहतात,
मला दर वेळी तुम्हीच दिसता.
खरं नाव काय तुमचं?"
मी चष्मा पुसून फोन बघितला.
"इथे तू गोरखनाथ आहेस. फोटोत मिशी आहे.
ती कुठे ठेवलीस?"
तो हसेल असं वाटलं होतं.
त्याने जिन्यात वाकून खाली बघितलं.
"मेव्हण्याचा आयडी आहे, काकू. माझं लायसन अजून…"

पाणी दिलं. तांब्या उंच धरून घटाघटा प्यायला,
शर्टाच्या बाहीला तोंड पुसलं,
आणि त्याचं नाव सांगितलं.
गावाचंही, मी विचारलं नसताना.
मग मी माझं सांगितलं.
कितीतरी दिवसांनी मोठ्याने उच्चारलं,
जरा दुसऱ्याचंच वाटलं.
ओटीपी दिला. तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

खोक्यावरचं लेबल मी सुरीने खरवडलं,
रद्दीवाल्याला वाचायची सवय आहे.
बाकी ती दोन नावं.
ती इथे लिहीत नाही.
खणात आहेत.