नंबरांची वही

वकीलसाहेबांच्या तेराव्याला
पुतण्यानं माझ्याकडं ती वही मागितली.
लाल रेक्झिनची, पाठ दोनदा शिवलेली,
चौतीस वर्षं माझ्या काखेत निबर झालेली.

मी आण्णाप्पा मगदूम, कारकून.
साहेब नाव घ्यायचे, मी नंबर फिरवायचा.
"मगदूम, साताऱ्याचा एस.पी. लाव."
"मगदूम, साखर आयुक्त."
"मगदूम, त्यो आपला रे, लग्नात माझ्यावर मठ्ठा सांडलेला, त्यो."
त्योसुद्धा लागायचा.

भाऊसिंगजी रोडच्या दोन खोल्यांत
सकाळी साडेसातलाच बाकडं भरायचं.
कुणाला बदली हवी, कुणाच्या पोराला इंजिनिअरिंग,
तालमीतल्या दोघांना जामीन,
आणि एक म्हशीवाला, नुसताच बसायला आलेला.
रंगराव इंगवले वकील आधी गाव विचारायचे,
मग आईचं माहेर.
माहेर कळलं की निम्मं काम झालं म्हणायचे.
कलमं कोर्टात.
कोर्टाच्या पायरीखाली
साडू, मेव्हणा, व्याही.

विधानसभेला एकदाच उभे राहिले,
दोनशे सत्तर मतांनी पडले.
रात्री अकराला पाडणाऱ्याचाच फोन आला.
साहेब हसून बोलले, रिसीव्हर ठेवला,
म्हणाले, "ह्याचा नंबर पेन्सिलीनं आहे का?
आता शाईनं लिही."
दोन वर्षांनी विधान परिषदेवर गेले.
त्या दिवशी पेढे त्याच्याच घरून आले.

तसा वहीचा नियमच होता.
खुर्चीत असलेला शाईनं,
पडलेला पेन्सिलीनं.
मेलेल्यावर मी पट्टी धरून तांबडी रेघ मारायचो,
खोडायचो नाही.
मेलेल्याला पोरं असतात.

पुतण्याला द्यायच्या आधी एकदा चाळली.
'ग'च्या पानावर, गॅस एजन्सीच्या खाली,
माझं नसलेलं अक्षर.
साहेबांचं. आख्ख्या वहीत एकच ओळ.
"गौराक्का, सांगाव. फोन नाही. स्वतः जाणे."

आठवली.
कारखान्यात बॉयलरच्या वाफेनं नवरा भाजून गेलेली.
तिचं माहेर साहेबांच्याच गावचं,
म्हणून वकीलपत्र घेतलं.
आणि चेअरमन साहेबांचा साडू.
नाही म्हणाले नाहीत. उभेही राहिले नाहीत.
एकवीस तारखा मीच लिहिल्या डायरीत.
बाई पहिल्या एस.टी.नं यायची,
जिन्यात बसून भाकरी खायची,
जाताना मलाच विचारायची,
"साहेबांची तब्येत बरी हाय न्हवं?"
शेवटी तडजोड: चाळीस हजार,
आणि पोराला गेटवर वॉचमनची टोपी.

साहेबांना न्यायला पंचगंगेवर तीन मंत्री होते,
शिवाजी पुलापर्यंत गाड्या.
मी नावं मोजत होतो. सवय.
सगळी शाईची.

म्हणून परवा कागलची बस धरली,
पुढं वडापनं सांगाव.
गौराक्का दारात शेंगा फोडत होती. पार वाकलेली.
मी नाव सांगितलं, तिनं पाट दिला.
"आलता की त्यो," म्हणाली,
"तडजोडीनंतरच्या दिवाळीत. एकटाच, मोटार लांब उभी करून.
च्या प्याला.
पावसाचं बोलला, आईचं बोलला,
माझ्या नवऱ्याचं तेवढं बोलला न्हाई.
मग उठला नि गेला, छत्री इसरून."

खुंटीवर होती. काळी, लाकडी मुठीची,
मुठीवर र. इं. कोरलेलं.
मीच आणली होती महाद्वार रोडवरून.

"नेऊ का?" म्हटलं. "घरच्यांना देतो."

फोडलेली शेंग तिनं सुपात टाकली,
टरफल बाजूला सारलं.
"राहू दे. माझ्याकडं काय खायला मागती व्हय ती?
त्याची तारीख पडंल तवा
न्हील की त्यो."

गेलेत ते, हे तिला माहीत होतं.
पेपर घरात होता, त्यावरच शेंगा होत्या.

वही पुतण्याला दिली.
त्यानं एका संध्याकाळीत सगळे नंबर मोबाईलमध्ये भरले,
भरभर, अंगठ्यानं.
'ग'वर थांबला.
"मगदूमकाका, ह्या बाईला नंबरच नाही."
नाही, म्हटलं.
त्यानं पान उलटलं.