शेतीची पाटी

वजन किती, मी विचारलं.
रिकाम्याचं की भरलेल्याचं? ओरिस्या ह्नातिउक म्हणाली.
फॉर्मवर रकाना एकच आहे, म्हटलं. भरलेल्याचं.
तिनं पर्समधून काटापावत्यांचा गठ्ठा काढला,
रबरबँड तुटून कुठंतरी उडालं,
आणि सोळा वर्षांचा गहू, मसूर, मोहरी
माझ्या टेबलावर पसरली.
रिकाम्याचं वजन मेट्रोला धरून आहे, ती म्हणाली,
तो काट्यावर कधी खाली उतरलाच नाही.

आमच्या गावातलं परवाना ऑफिस म्हणजे हे एवढंच:
उजव्या हाताला पीकविमा, डाव्या हाताला नंबरप्लेटा,
मध्ये मी आणि एक हीटर.
सस्कॅचेवानच्या नकाशावर आमचं नाव
घडीच्या रेषेत येतं, तिथंच कागद फाटतो.

शेतीच्या पाटीला पैसे कमी, अटी जास्त.
माल स्वतःच्या शेतातला,
नाहीतर स्वतःच्या शेताला लागणारा.
दुसऱ्याचं भाडं मारायचं नाही.
मी दरवर्षी वाचून दाखवते, सगळे माना डोलावतात,
आणि त्याच ट्रकच्या हौद्यात
चर्चचा पियानो जातो,
कुणाच्या पोरीचा संसार रेजायनाला जातो
गादीवर बांधलेल्या कुत्र्यासकट.
माझ्या खिडकीला पडदा नाही.
मान मात्र वळवता येते.

मार्चमध्ये शववाहिका आमच्या फाट्यावर रुतली, ती म्हणाली,
बर्फ कमरेएवढा.
मग मेट्रोला आम्ही ह्याच ट्रकमधून नेला,
ताडपत्री टाकून, गव्हासारखा.
ते बसतं का तुझ्या नियमात?

मी फॉर्म तिच्याकडे फिरवला.
'स्वतःच्या शेतातला' ह्या शब्दांवर बोट ठेवलं.
बसतं, म्हटलं.
ती बराच वेळ ते बोट बघत राहिली.

पाटी नावावर करणं पाच मिनिटांचं काम.
परवाना वेगळा.
चाळीस वर्षं तिनं हाच ट्रक कंबाइनच्या शेजारून हाकला,
चालत्या धान्याच्या धारेखाली, एक वीतही न चुकता.
शेतात कोण परवाना मागतो?
एलिव्हेटरपर्यंतचे अकरा किलोमीटर डांबर
तेवढं मेट्रोचं होतं.

दर गुरुवारी लायल डेझार्ले परीक्षा घ्यायला येतो.
पहिल्या गुरुवारी त्यानं तिला नापास केलं.
समोरून आलेल्या प्रत्येक गाडीला
तिनं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं,
इथं तसं उचलायचंच असतं,
पण त्या दिवशी गाड्या एकोणीस आल्या
आणि लायल मोजत बसला.
नियम माझा नाही, तो मला म्हणाला,
आणि कॉफी अर्धी टाकून गेला.

दुसरा गुरुवार. ट्रक माझ्या खिडकीसमोरच.
एअर ब्रेकची तपासणी.
इंजिन बंद. पाय ब्रेकवर दाबलेला.
एक मिनिट काट्याकडे बघायचं
आणि हवा कुठून गळते का ते ऐकायचं.
दोघं समोर बघत बसले होते,
कुणाचे ओठ हलत नव्हते.
पोस्टातून बाहेर पडलेल्या म्हाताऱ्या श्युमाकनं
काय वाटलं कोण जाणे, टोपी काढली
आणि मिनिट संपेपर्यंत
बर्फाच्या चिखलात तसाच उभा राहिला.

काटा दोन अंश उतरला. तेवढा चालतो.

मग ती पायानं ब्रेक पंप करत राहिली,
हवा संपत आली, बझर ओरडला,
लाल दिवा लागला, जसा लागायला हवा तसा.

पास.
फोटो काढताना ती म्हणाली, थांब,
आणि हातमोजे काढले,
फोटोत हात येत नसतानाही.

जुन्या पाटीचे नट गंजून गेले होते.
मी ड्रॉवरमधून दोन नवे दिले.
त्यांची पावती केली नाही.